शिंपल्याची झळाळी

चिनी मातीला इंग्रजीत ‘पोर्सलिन’ म्हणतात. हा शब्द मूळचा इटालियन ‘पोर्चेल्लाना’, आणि त्याचा अर्थ आहे कवडी. चीनमधून आलेली पांढरी, गुळगुळीत भांडी युरोपीय प्रवाशांनी प्रथम पाहिली, तेव्हा तिच्या झळाळीला त्यांना कवडीखेरीज दुसरी उपमा सुचली नाही. आणि उपमेचेच पुढे नाव झाले. आज आपल्या घरांच्या जमिनींवर आणि भिंतींवर ज्या चकचकीत ‘पोर्सलिन’ लाद्या बसविल्या जातात, त्यांच्या नावात अशी एक कवडी दडलेली आहे.

हा शब्दाचा योगायोग मी मुद्दाम पुढे ठेवतो, कारण ज्या चेन्नई शहरात माझे वास्तव्य आहे, त्या शहराने भिंतीला आरशासारखी झळाळी देण्याची विद्या खरोखरच शिंपल्यांतून काढली होती. चेन्नईचे जुने नाव मद्रास. ‘मद्रासचा चुना’ म्हणून ती विद्या अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत दूरवर प्रसिद्ध होती. तेव्हापासून आजच्या कारखानी लादीपर्यंतचा प्रवास हा वरवर पाहता बांधकामाच्या सामानाचा इतिहास आहे. थोडे खोल जाऊन पाहिले, तर तो कष्टांच्या वाटणीचाही इतिहास आहे. झळाळी कोणी आणायची, तिच्याखालची बैठक कोणी पक्की करायची आणि त्याचा मोबदला कोणत्या मापाने मोजायचा, हे प्रश्न प्रत्येक पिढीने आपापल्या परीने सोडविले किंवा टाळले आहेत.

प्रथम त्या चुन्याकडे वळू. ‘चुना’ हा आपला शब्द संस्कृत ‘चूर्ण’ ह्यापासून आला. त्याच घराण्यातील ‘चुण्णाम्बु’ हा शब्द तमिळ भाषेत आहे. इंग्रजांनी तेथूनच ‘चुनम’ हा शब्द उचलला आणि आपल्या कोशात नोंदविला. कोरोमंडल किनाऱ्यावर गोड्या-खाऱ्या पाण्याच्या खाड्या आणि सरोवरे आहेत. चेन्नईच्या उत्तरेस एन्नूर आणि पुलिकत ही त्यांपैकी प्रसिद्ध ठिकाणे. तेथे शिंपल्यांना तोटा नाही. हे शिंपले भट्टीत भाजले, की त्यांचा अत्यंत शुभ्र आणि निर्भेळ चुना होतो. डोंगरातील चुनखडीत माती आणि लोह मिसळलेले असते, त्यामुळे तिच्या चुन्याला पिवळसर किंवा करडी छटा येते. शिंपल्याच्या चुन्यात हा दोष फारच थोडा असतो.

आपल्याकडील वाड्यांच्या बांधकामात चुन्याची घाणी असे. वर्तुळाकार चरातून बैल दगडी चाक फिरवीत आणि चुना-वाळू एकजीव होई. गुळाचे पाणी आणि हिरड्याचा काढा घालण्याची चालही महाराष्ट्रात होती. मद्रासच्या कारागिरांनी ह्या सर्वसामान्य विद्येला एक पुढची पायरी जोडली. ते गिलावा तीन थरांत देत. पहिल्या थरात चुन्याबरोबर वाळूचे प्रमाण मोठे असे आणि त्यात गुळाचे पाणी घालीत. दुसऱ्या थरात वाळू कमी आणि अधिक बारीक असे. तिसऱ्या थराचा चुना दगडावर मसाल्याप्रमाणे वाटून लोण्यासारखा मऊ करीत. त्यात अंड्यांचा पांढरा बलक, दही आणि तूप मिसळीत. तमिळमध्ये दह्याला ‘तयिर’ म्हणतात. त्याचे इंग्रजांनी केलेले ‘टायर’ हे रूप जुन्या बांधकामविषयक लेखनात आढळते, आणि आजच्या वाचकाला तेथे गाडीचे चाक दिसून तो चकित होतो!

हा शेवटचा थर ओला असतानाच थापीने घोटण्यास प्रारंभ होई. नंतर गुळगुळीत गारगोटीने तो तासन् तास घाशीत. मधून मधून शंखजिऱ्याची पूड शिंपडीत आणि भिंतीवर सुटलेला ओलावा स्वच्छ फडक्याने टिपीत. ह्या रीतीत अंधश्रद्धेचा भाग नव्हता. तुपातील स्निग्धांश आणि चुना यांच्या संयोगाने पाण्यात न विरघळणारा एक प्रकारचा साबण तयार होतो आणि तो पाण्याला अडवितो. अंडे आणि दही यांतील प्रथिने चुन्याचे कण बांधून धरतात. घोटण्याने कण दाबले जाऊन पृष्ठभागावरील सूक्ष्म छिद्रे बुजतात. पुढे हवेतील कार्बन डायॉक्साइड शोषून चुना पुन्हा मूळच्या चुनखडीच्या रूपाला जातो. म्हणजे कारागीर भिंतीवर एक पातळसा संगमरवरच तयार करीत असे.

विल्यम हॉजेस हा इंग्रज चित्रकार १७८० च्या सुमारास मद्रासला उतरला. त्याचे भारतप्रवासाचे पुस्तक १७९३ साली प्रसिद्ध झाले. समुद्रावरून दिसणारे ते पांढरेशुभ्र शहर, त्यातील लांबच लांब स्तंभरांगा आणि सपाट छपरे पाहून त्याला अलेक्झांडरच्या काळातील ग्रीक नगराची आठवण झाली. ज्याला तो ग्रीक संगमरवराच्या तोडीचे मानत होता, ते वस्तुतः विटांचे खांब होते आणि त्यांच्यावर घोटलेला चुना होता. ह्या विद्येचा एक प्रसिद्ध नमुना म्हणजे आजचे राजाजी सभागृह. टिपू सुलतानावरील १७९९ च्या विजयानंतर गव्हर्नर एडवर्ड क्लाइव्ह ह्याने ते बांधविले आणि १८०२ मध्ये ते पूर्ण झाले. त्याचा आराखडा जॉन गोल्डिंगहॅम याचा. हा गृहस्थ मद्रासच्या वेधशाळेत खगोलवेत्ता होता आणि स्थापत्याचेही काम पाहत असे. राज्यकर्त्यांच्या मेजवान्यांसाठी बांधलेल्या ह्याच वास्तूत पुढे १९८७ मध्ये एम. जी. रामचंद्रन, २०१६ मध्ये जयललिता आणि २०१८ मध्ये करुणानिधी यांचे अंत्यदर्शन लाखो लोकांनी घेतले. वास्तू एका हेतूने उभी राहते आणि लोक तिला दुसराच अर्थ देतात, तो असा.

ह्या कथेत मराठी माणसाचा संबंध कोठे येतो, असे कोणी विचारील. तो येतो तंजावरच्या वाटेने. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावरला भोसल्यांची गादी स्थापिली आणि कावेरीच्या खोऱ्यात मराठी कुटुंबे स्थायिक झाली. बृहदीश्वराच्या आवारातील भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरविलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास आजही वाचता येतो. ह्याच मराठी समाजातील एका देशस्थ घराण्यात, कुंभकोणम येथे, १८२८ साली टी. माधवराव यांचा जन्म झाला. मद्रासला शिक्षण घेऊन ते त्रावणकोर, इंदूर आणि शेवटी बडोदे ह्या संस्थानांचे दिवाण झाले. बडोद्याची दिवाणगिरी त्यांच्याकडे १८७५ ते १८८२ ह्या काळात होती आणि त्याच काळात, १८७८ मध्ये, लक्ष्मीविलास राजवाड्याचे काम सुरू झाले. वास्तुकार मेजर चार्ल्स मँट १८८१ मध्ये वारला. उरलेले काम रॉबर्ट चिझम ह्याने हाती घेऊन १८९० मध्ये पूर्ण केले. हा चिझम म्हणजे मद्रास सरकारचा वास्तुसल्लागार, समुद्रकिनाऱ्यावरील विद्यापीठाच्या सेनेट हाउसचा कर्ता. सेनेट हाउस १८७४ ते १८७९ ह्या वर्षांत उभे राहिले.

मद्रासची दृष्टी अशा रीतीने एका मराठी संस्थानात पोहोचली. परंतु बडोद्याच्या दरबार दालनाची जमीन घोटलेल्या चुन्याची झाली नाही. ती व्हेनिसच्या पद्धतीच्या मोझेक कामाने सजली. काळ बदलल्याची ही खूण होती. इंग्लंडमध्ये १८४० साली रिचर्ड प्रॉसर याने कोरडी, भुकटीसारखी माती यंत्राखाली दाबून वस्तू घडविण्याचे एकस्व मिळविले होते. हर्बर्ट मिंटन याने ती कल्पना लाद्यांना लागू केली आणि एकसारख्या मापाच्या, न वाकलेल्या लाद्या हजारोंनी निघू लागल्या. जहाजांत भरून त्या हिंदुस्थानातही आल्या. मुंबईचे व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, १८७८ ते १८८८ ह्या दशकात बांधले गेले. त्यातील रंगीत लाद्या ह्या लाटेच्याच साक्षी आहेत. झळाळी आणण्याचे काम आता गवंड्याच्या मनगटातून सुटून भट्टीकडे चालले होते.

ह्यानंतरचा टप्पा सिमेंटचा. हिंदुस्थानातील पोर्टलंड सिमेंटचा पहिला कारखाना १९०४ साली मद्रास येथेच निघाला, आणि त्याचा कच्चा माल होता शिंपले! तो प्रयत्न टिकला नाही आणि यशाचा मान पुढे पोरबंदरला गेला. तरी नव्या युगाचा पहिला धडाही ह्या शहराने शिंपल्यावरच गिरविला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सिमेंट हाती येताच लादीची स्वदेशी निर्मिती सुकर झाली. फिरोजशा सिधवा यांनी १९२२ मध्ये मुंबईत ‘भारत’ हे नाव धारण करणारी लाद्यांची कंपनी काढली, ती स्वदेशीच्या प्रेरणेने. आमच्या तमिळ मुलखात, कारैकुडीजवळील आत्तंगुडी ह्या गावाने तर एक नामी युक्ती आत्मसात केली. तेथील कारागीर लोखंडी चौकट काचेच्या तुकड्यावर ठेवतात, साच्यातून रंगीत सिमेंट ओततात, त्यावर सिमेंट-वाळू दाबून भरतात आणि लादी काही दिवस पाण्यात मुरवितात. काच सुटली, की तिचा गुळगुळीतपणा लादीवर उतरलेला असतो. येथे भट्टी नाही आणि गारगोटीही नाही. झळाळी काचेकडून उसनी घेतली जाते. चेट्टिनाडच्या वाड्यांत ह्या लाद्यांच्या जमिनी आणि अंड्याच्या बलकाने घोटलेल्या चुन्याच्या भिंती एकाच छताखाली नांदताना दिसतात.

आता आजच्या लादीविषयी. चिकणमाती, फेल्डस्पार आणि गारेची पूड यांचे मिश्रण प्रचंड दाबाखाली बसवून सुमारे बाराशे अंश सेल्सिअस तापमानात भाजले, की फेल्डस्पार वितळून कणांमधील पोकळ्या भरतो आणि सर्व लादी काचेसारखी घट्ट होते. वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक पाणी जी शोषीत नाही, तीच आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात पोर्सलिन ठरते. इटलीतील सासुओलोच्या परिसरात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही विद्या भरभराटीस आली आणि नंतर भारतात तिने गुजरातमधील मोरबी येथे घर केले. चेन्नईच्या दुकानांत जी लादी आपण निवडतो, ती बहुधा मच्छू नदीच्या काठची असते.

निवड करताना गिऱ्हाइकाची नजर झळाळीवर खिळते आणि घोटाळ्याला प्रारंभ तेथेच होतो. भट्टीतून निघालेल्या लादीचा पृष्ठभाग घासून चकचकीत करतात, तेव्हा वरचे घट्ट कातडे निघून जाते आणि आत कोंडलेली सूक्ष्म छिद्रे उघडी पडतात. त्यांत हळद, चहा किंवा तेल शिरले, तर डाग राहतो. म्हणून अशा लादीवर छिद्रे बुजविणारा लेप दिलेला आहे की नाही, हे विचारून घ्यावे. दुसरी गोष्ट निसरडेपणाची. चकचकीत लादी दिवाणखान्यात शोभते. न्हाणीघरात, जिन्यावर किंवा पावसाची झड येणाऱ्या ओसरीत तीच वृद्धांच्या जिवावर उठते. तेथे खरबरीत पृष्ठभागाचीच लादी असावी. भिंतीवर मात्र चकचकीत लादी निर्धास्त लावावी, कारण भिंतीवर कोणी चालत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे खोक्यावरील छटेचा आणि मापाचा क्रमांक. एका भट्टीतील खोकी दुसरीत मिसळली, तर जमिनीवर ठिगळ दिसते. म्हणून एकाच क्रमांकाची खोकी, तीही तुटफुटीसाठी काही अधिक, एकदमच घेतलेली बरी.

बसविण्याच्या कामात तर जुनी सवयच शत्रू होते. पूर्वीची लादी पाणी पीत असे. ती भिजवून सिमेंटच्या घट्ट पाण्यावर ठेवली, की चिकटे. पोर्सलिन लादी पाणी पीतच नाही. तेव्हा केवळ सिमेंट तिला धरून ठेवू शकत नाही, विशेषतः भिंतीवर. तिला बहुवारिक द्रव्य मिसळलेला तयार चिकटा लागतो. तो दातेरी थापीने जमिनीवर ओढावा आणि मोठ्या लादीच्या पाठीवरही त्याचा हात फिरवावा, म्हणजे खाली पोकळी राहत नाही. लादी बसल्यावर लाकडी मुठीने हलके ठोकून पाहावे; पोकळ आवाज आला, तर ती तत्काळ उचलावी. दोन लाद्यांमध्ये दोन-तीन मिलिमीटरची दरज ठेवावीच लागते. गिऱ्हाइकाला दरज नको असते, कारण त्याला अखंड आरसा हवा असतो. परंतु चेन्नईच्या उन्हात जमीन प्रसरण पावते. तिला जागा मिळाली नाही, तर एखाद्या दुपारी मधल्या लाद्या तंबूसारख्या वर उचलल्या जातात.

येथे मी माझ्या कामातील एक प्रसंग नमूद करतो. शहरातील एका जुन्या सरकारी इमारतीच्या तळमजल्यावर भिंतींना ओल येऊन चुना फुगला होता. सर्व भिंतींवर छातीइतक्या उंचीपर्यंत चकचकीत लाद्या लावाव्यात, असा प्रस्ताव माझ्यापुढे आला. दर चौरस फुटाने मांडलेला होता, मुदत थोडी होती आणि परिणाम दिसायला उत्तम होता. डिसेंबर २०१५ च्या महापुरानंतर धुता येणारी भिंत कोणाला नको होती? तथापि एका वृद्ध मेस्त्रींचे मत मी मागविले. त्यांनी भिंतीवर तळहात ठेवून सांगितले, की ही भिंत विटेची आणि चुन्याची आहे; जमिनीतून चढणारा ओलावा ती चुन्यावाटे बाहेर सोडते. तुम्ही तिचे तोंड बंद केलेत, तर पाणी थांबणार नाही. ते लादीच्या मागून वर चढेल आणि छातीच्या वर, जेथे लादी संपते तेथे, मीठ घेऊन फुटेल.

हे मत शास्त्राला धरून होते. सिमेंट आणि पोर्सलिन ह्या दोहोंतून वाफ सहजी जात नाही; चुन्यातून जाते. आम्ही नव्या स्वच्छतागृहांना लाद्या दिल्या, जुन्या भिंतींच्या पायथ्याशी साचणारे पावसाचे पाणी काढून लावण्याची व्यवस्था केली आणि चुन्याचा गिलावा चुन्यानेच दुरुस्त करण्याचे ठरविले. अडचण निघाली ती हिशेबाची. लादीला दरपत्रक होते. घोटण्याच्या तासांना नव्हते. ज्या कामाला दर नाही, ते काम कागदावर अस्तित्वातच नसते, आणि काही काळाने ते जमिनीवरही उरत नाही. मद्रासच्या चुन्याचा ऱ्हास सिमेंटने केला असे आपण म्हणतो. त्यात आम्हा कारकुनांच्या तक्त्यांचाही वाटा आहे.

सुदैवाने विद्या अगदीच बुडालेली नाही. जानेवारी २०१२ मध्ये चेपाक राजवाड्याचा कलस महाल आगीत भस्मसात झाला. त्याचा जीर्णोद्धार करताना सार्वजनिक बांधकाम खात्याने पुन्हा चुना, गूळ आणि हिरडा यांचाच आश्रय घेतला. दरपत्रकात चुन्यालाही जागा करता येते, हे त्यावरून सिद्ध झाले.

तरी जुने ते सारे सोने, असा माझा दावा नाही. चुना हातांना भाजतो, आणि गारगोटी घेऊन तासन् तास भिंत घाशीत बसणाऱ्यांची नावे कोणत्याही शिलालेखात कोरलेली नाहीत. पोर्सलिन लादीने सामान्य माणसाच्या न्हाणीघराला जी स्वच्छता दिली, ती एके काळी गव्हर्नरच्या दालनालाही दुर्मीळ होती. पण नव्या झळाळीलाही तिची किंमत आहे. लादीत गार असते; ती कोरडी कापताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि ‘सिलिकोसिस’ हा न बरा होणारा रोग जडतो. मोरबीच्या कारखान्यांतील कामगारांना तो होतो, आणि आपल्या घरात विजेच्या पात्याने लादी कापणाऱ्या तरुणालाही त्याचा धोका आहे. पात्यावर पाण्याची धार ठेवणे आणि नाकातोंडावर योग्य मुखपट्टी बांधणे, एवढ्याने तो पुष्कळ कमी होतो. ह्यासाठी लागणारा वेळ आणि पैसा घरमालकाने दरात धरला पाहिजे.

तेव्हा लादी निवडताना तीन गोष्टींची चौकशी अवश्य करावी. ज्या भिंतीवर ती लागणार, ती भिंत कशाची आहे? लादीखालची बैठक भरीव आहे काय? आणि ती कापणाऱ्याच्या हाताशी पाण्याची धार आहे काय? दुकानातील दिव्याखाली ह्यांतील एकही गोष्ट दिसत नाही. जमीन पंधरा-वीस वर्षे टिकणार की दोन पावसाळ्यांत वाजू लागणार, आणि ती घालणारा माणूस साठीच्या वयातही मोकळा श्वास घेणार की नाही, हे मात्र त्यांवरच ठरते.